यादी चावडीवर वाचली गेली पाहिजे

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत शेतीसाठीचे शासकीय अनुदान आणि त्याच्या लाभार्थींची माहिती या विषयावर झालेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



आजचा विषय थोडा रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे. अनुदान, लाभार्थी, यादी हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याचे मन शासकीय कचेरीतील धुळीने भरलेल्या कपाटाकडे जाते. म्हणून सुरुवात कायद्याने न करता माझ्या घरातल्या एका गोष्टीने करतो.

सातारा जिल्ह्यात आमचे मूळ गाव. तिथे आमची वडिलोपार्जित, फारशी नाही, पण पोटापुरती जमीन आहे. आमच्या पिढीतील बहुतेक मंडळी शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आली आणि इथलीच झाली. गावी राहिले ते माझे काका आणि काकू. २०१९ च्या दिवाळीनंतर काका गेले. दिवस-कार्य झाले, आम्ही पुण्याला परतलो. काकू गावीच राहिल्या आणि पूर्वीप्रमाणे शेती पाहू लागल्या.

२०२१ च्या पावसाळ्यात एके सकाळी गावाहून एका तरुणाचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, "तात्या, राग मानू नका. पीएम-किसानची आपल्या गावची यादी मी संगणकावरून छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली आहे. त्यात आबांचे नाव अजून आहे. लोक विचारतायत." आबा म्हणजे माझे काका. मी लगेच चुलतभावाला फोन केला. काकांच्या बँक खात्यावर त्याचेही नाव होते. पासबुक भरून आणले, तेव्हा दिसले की काका गेल्यानंतर पाच हप्ते, म्हणजे दहा हजार रुपये, त्या खात्यात जमा झाले होते. माझा भाऊ नोकरदार आहे, आयकर भरतो. त्याने कोणाला फसवले नव्हते. कोणताही खोटा कागद दिला नव्हता. पैसे येत राहिले आणि कोणी पाहिले नाही, इतकेच.

मात्र गोष्ट इथे संपली नाही. त्याच यादीत आम्ही काकूंचे नाव शोधले. ते नव्हते. वारस नोंद करायची राहून गेली होती, त्यामुळे सातबाऱ्यावर काकूंचे नाव लागले नव्हते. जी बाई प्रत्यक्ष शेतात उभी राहते तिचे नाव यादीबाहेर, आणि जो माणूस या जगात नाही त्याचे नाव यादीत! आम्ही ते दहा हजार रुपये परत भरले, फेरफार करून घेतला आणि काकूंचा रीतसर अर्ज केला. वारसाहक्काने आलेल्या जमिनीला योजनेत मुभा होती, त्यामुळे त्यांचे नाव पुढे लागले. त्या मुलाने यादी भिंतीवर लावली नसती, तर हे आणखी किती वर्षे चालले असते, कोण जाणे.

बंधु-भगिनींनो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढ्याशा प्रसंगात आहे. सरकारी पैसा कोणाला मिळाला याची यादी लोकांसमोर लावा, असे म्हटले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो चोर पकडण्याचा. तो उपयोग आहेच. पण यादीचा त्याहून मोठा उपयोग म्हणजे जो राहून गेला आहे, त्याला शोधणे. चोर स्वतःहून पुढे येत नाही हे खरे, पण राहून गेलेलाही स्वतःहून पुढे येत नाही. आपण कुठे राहून गेलो आहोत, हेच त्याला ठाऊक नसते.

पुण्याचा जुना वारसा

हा विचार पुण्याला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, ज्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्या उठावात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने सावकाराकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. असे का, हे समजून घेतले पाहिजे. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे त्या शेतकऱ्याला माहीत नव्हते. कागद होता, पण तो एकाच बाजूच्या पेटीत बंद होता. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, त्यात शेतकऱ्याचे रोखे गाव-निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद करावी लागली. कागद चार लोकांसमोर आणणे हाच उपाय तेव्हाच्या सरकारलाही सुचला.

त्यानंतर १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ. पुणे सार्वजनिक सभा तेव्हा लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली होती. दुष्काळात रयतेला काय सवलत द्यायची, सारा कधी तहकूब करायचा, कामे कधी काढायची, याचे नियम सरकारने आधीच करून ठेवले होते. त्यालाच फॅमिन कोड म्हणत. पण ते नियम रयतेला माहीतच नव्हते. टिळकांनी आणि सभेच्या कार्यकर्त्यांनी काय केले? त्या नियमांची माहिती मराठीत छापून गावोगाव पोहोचवली. सरकारनेच छापलेले नियम लोकांना वाचून दाखवले. 'केसरी'तून तेच लिहिले गेले. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ साली सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. नियम सांगणे हाही राज्यकर्त्यांना अपराध वाटू शकतो, ही गोष्ट आपण या शहरात शिकलो आहोत.

कायदा काय म्हणतो

आता आजच्या काळात येऊ. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राला २००२ सालीच मिळाला होता, त्यामागे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचे दीर्घ आंदोलन होते. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे लागू झाला. त्याच दिवशी देशातील पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, असे सांगितले जाते. पुणेकरांना अर्ज करण्याचा उत्साह पूर्वीपासूनच आहे! (हशा)

मात्र या कायद्यातील एक कलम आपण फार कमी वाचतो. ते चौथे कलम. अर्ज करावा लागू नये, शासनाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी, असे हे कलम सांगते. त्यात कार्यालयांनी काय काय प्रसिद्ध करायचे याची जी जंत्री आहे, त्यातील बारावी बाब पाहा. अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम त्यासाठी दिली गेली आणि लाभार्थी कोण, हा तपशील शासनाने स्वतः प्रसिद्ध करायचा आहे. तेराव्या बाबीत सवलती आणि परवाने मिळवणाऱ्यांचा तपशील येतो. म्हणजे शेतीच्या अनुदानाची यादी मागणे हा नागरिकाचा आगाऊपणा नाही. ती लावणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

राज्याचे कृषी आयुक्तालय आपल्या पुण्यात आहे. साखर आयुक्तालयही इथेच आहे. त्यामुळे ही चर्चा मुंबई-दिल्लीवर सोडून पुणेकरांना मोकळे होता येणार नाही.

याद्यांनी काय दाखवले

२००८ साली केंद्र सरकारने देशव्यापी शेतकरी कर्जमाफी केली. त्यावर बावन्न हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. पाच वर्षांनी, २०१३ साली, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल संसदेत आला. त्यांनी ९०,५७६ खाती तपासली. त्यातील वीस हजारांहून अधिक खात्यांत, म्हणजे बावीस टक्क्यांहून अधिक खात्यांत, त्रुटी सापडल्या. अपात्र लोकांना लाभ मिळाला, हे वृत्तपत्रांनी ठळक छापले. पण त्याच अहवालातील आणखी एका आकड्याची फार चर्चा झाली नाही. नऊ राज्यांत, लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांची तपासणी झाली. त्यातील १,२५७ शेतकरी, म्हणजे १३.४६ टक्के, प्रत्यक्षात पात्र होते, पण कर्ज देणाऱ्या संस्थांनी यादी करताना त्यांचा विचारच केला नव्हता. आणि ज्यांना कर्जमाफीचे प्रमाणपत्र मिळायला हवे होते अशा ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत शेतकऱ्याची पोचच नव्हती. कर्ज माफ झाले की नाही याचा कागदही हाती नाही, अशा शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

या अनुभवातून महाराष्ट्राने काही धडे घेतले, हेही सांगितले पाहिजे. २०१७ च्या जूनमध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपयांची ही कर्जमाफी होती. त्यासाठी शेतकऱ्यांकडून संगणकावर अर्ज घेतले गेले आणि त्या ऑक्टोबरमध्ये गावोगाव त्या अर्जांचे चावडीवाचन झाले. त्याच वर्षी संगणकीकृत सातबाऱ्याचेही चावडीवाचन झाले होते. चावडीवाचन हा शब्द मला फार आवडतो. आपल्या गावगाड्यातून आलेला हा शब्द आहे. गावकऱ्यांसमोर कागद मोठ्याने वाचायचा, आणि ज्याला हरकत असेल त्याने तिथेच उभे राहून बोलायचे. सामाजिक अंकेक्षण हा आजचा जड शब्द ज्याला म्हणतो, ते आपल्याकडे चावडीवर होत असे.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाली, ६८ गावांतील १५,३५८ खात्यांची. याद्या गावात लावायच्या, शेतकऱ्याने आपली रक्कम पाहायची, ती मान्य असेल तर आधार प्रमाणीकरण करायचे आणि मान्य नसेल तर तक्रार करायची, अशी ती पद्धत होती. या दोन योजना वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी आणल्या. पण यादी लावण्याच्या बाबतीत त्यांच्यात फारसा फरक नव्हता, हे चांगले लक्षण आहे. हा विषय पक्षाचा नाही.

आता पीएम-किसान. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी ही योजना सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. मध्ये कोणी दलाल नाही. या थेट हस्तांतरणाने फार मोठी गळती थांबली, याविषयी शंका नाही. तरीही माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरातून २०२१ च्या आरंभी कळले की २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यात निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितले, तेव्हा हा आकडा ४२ लाखांवर गेला होता आणि वसूल करायची रक्कम होती २,९९२ कोटी. त्यात महाराष्ट्रातले साडेचार लाखांच्या आसपास होते.

आयकर भरणारे हे अपात्र कोण असतील, याचा विचार करा. ते काही गावातले गुंड नव्हेत. ते बहुधा आपल्यासारखे लोक आहेत. गावी जमीन, शहरात नोकरी. या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या नावावर जमिनी असतील. म्हणून मी माझ्या घराची गोष्ट आधी सांगितली. दुसऱ्याची यादी तपासण्याचा अधिकार ज्याने आपली तपासली आहे, त्यालाच शोभतो.

थेट खात्यात पैसे जातात म्हणून आता यादीची गरज नाही, असाही एक समज आहे. तो खरा नाही. संगणक खात्याचा क्रमांक ओळखतो, माणूस ओळखत नाही. शेत कोण कसते, कोण वारले, कोण परदेशी गेले, हे गाव ओळखते. २०२५ साली जालना जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टीच्या अनुदानाचे प्रकरण बाहेर आले. जमीन नसलेल्यांच्या नावे अनुदान उचलल्याचे चौकशीत पुढे आले आणि महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पैसे थेट खात्यांतच गेले होते. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ च्या खरिपापासून राज्यात सुरू झाली आणि बोगस अर्जांच्या तक्रारींमुळे २०२५ च्या खरिपापासून तिचे ते स्वरूप बंद करावे लागले. नुकसान कोणाचे झाले? ज्याने खरोखर पेरले आणि ज्याचे खरोखर वाहून गेले, त्या शेतकऱ्याचे. बोगस माणूस पैसे घेऊन निघून जातो आणि योजना बंद पडते ती खऱ्या माणसाची.

जगाने काय केले

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत शेतीचे अनुदान कोणाला किती मिळते, ही माहिती तिथल्या कृषी खात्याकडून मिळवण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले. एका स्वयंसेवी संस्थेने २००१ साली ती नावे गावनिहाय सर्वांसाठी खुली केली. छोट्या शेतकऱ्याच्या नावाने चालणाऱ्या योजनेचा मोठा वाटा मोठ्या जमीनदारांकडे जातो, हे लोकांना नावानिशी दिसले आणि पुढच्या वर्षीच्या शेती कायद्याच्या चर्चेत ती यादी गाजली. ब्रिटनने २००५ साली माहिती खुली केली, तेव्हा लाभार्थींत साखरेची मोठी कंपनी आणि खुद्द राजघराण्याच्या जमिनीही निघाल्या.

पण युरोपातच याची दुसरी बाजूही पुढे आली. जर्मनीतील शेतकऱ्यांनी, आपले नाव आणि रक्कम जगासमोर मांडणे हा आमच्या खासगी आयुष्यावर आघात आहे, अशी तक्रार केली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. लहान-मोठा असा काहीही भेद न करता सरसकट सर्व व्यक्तींची नावे छापणे प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाने ठरवले. पण यादी कायमची बंद झाली नाही. २०१३ साली नवा नियम आला. मोठी रक्कम घेणाऱ्यांची नावे पुन्हा खुली झाली आणि ठराविक मर्यादेखालील अगदी लहान शेतकऱ्यांची नावे झाकली गेली. म्हणजे त्यांनी तारतम्य शोधले.

खासगीपणाचा प्रश्न

आपल्याकडेही हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे हे खासगीपणावर अकारण आक्रमण ठरेल, असे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. आता व्यक्तिगत माहिती एवढे कारणही पुरेसे ठरू शकते. माझी भीती अशी आहे की एखादा घाबरट अधिकारी, किंवा ज्याला काही लपवायचे आहे असा अधिकारी, लाभार्थींची यादी मागितल्यावर 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असे एका ओळीचे उत्तर देईल.

त्याला उत्तर काय द्यायचे, हे कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. पहिली गोष्ट, चौथे कलम जसेच्या तसे आहे. लाभार्थींचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन कोणी काढलेले नाही. दुसरी, आठव्या कलमातच अशी तरतूद कायम आहे की सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. तिसरी, नवा कायदाच असे म्हणतो की जी माहिती एखाद्या कायद्याने प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, तिला हा नवा कायदा लागू होत नाही. तेव्हा अडचण कायद्याची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

मात्र खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्या सगळ्यांना आपण चोरांचे वकील समजू नये. कर्जमाफीची यादी ही एका अर्थाने कर्जबाजारी माणसांची यादी असते. २०१७ चे चावडीवाचन चालू असताना ज्याचे नाव आणि रक्कम चारचौघांत वाचली गेली, त्या मानी शेतकऱ्याला काय वाटले असेल? त्याच्या मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर? आपल्या समाजात घराची अब्रू ही पैशाहून मोठी मानतात आणि ती मानलीच पाहिजे. म्हणून मला वाटते की तारतम्य दोन प्रकारचे हवे.

एक म्हणजे काय छापायचे आणि काय नाही. नाव, गाव, योजना, वर्ष आणि मिळालेली रक्कम, एवढे पुरे. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक हे कधीही भिंतीवर किंवा संगणकावर येता कामा नये. यादी लावण्याच्या उत्साहात हे आकडेही कुठे कुठे छापले जातात, ते शेतकऱ्याला फसवणाऱ्या भामट्यांना आयते आमंत्रण आहे. दुसरे तारतम्य यादी कुठे लावायची याचे. कर्जमुक्तीची यादी त्या गावात आणि त्या गावाच्या ग्रामसभेत वाचली जावी. तिथल्या माणसांना ती तपासता येते. ती साऱ्या जगाला दाखवून काही साधत नाही. पण ठिबक सिंचन, यंत्रे, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग अशा योजनांतून ज्यांना लाखो रुपये मिळतात, त्यांची यादी मात्र पुण्यात बसून कोणालाही पाहता आली पाहिजे. रक्कम जितकी मोठी, तितकी ती उघड्यावर असली पाहिजे.

मोठ्यांची यादी कुठे आहे?

मोठ्या रकमांवरून आणखी एक मुद्दा. अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त शेतकरी येतो. पण २०२२-२३ साली केंद्राने खताच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. त्याच सुमारास पीएम-किसानचा वर्षाचा खर्च साठ हजार कोटींच्या आसपास होता. खताचे अनुदान शेतकऱ्याच्या नावाने असते, पण ते जाते कंपन्यांना. २०१८ पासून दुकानातील यंत्रावर विक्रीची नोंद झाल्यावर कंपनीला पैसे मिळतात, ही चांगली सुधारणा झाली. पण गावच्या दुकानात कोणाच्या नावावर किती गोण्या दाखवल्या, हे गावाला वाचायला मिळते का? सहा हजारांची यादी भिंतीवर आणि लाखाच्या गोण्यांची नोंद यंत्रात, असे असेल तर आपली पारदर्शकता दुबळ्यापुरतीच राहिली असे म्हणावे लागेल.

याच शहरातले एक चांगले उदाहरणही देतो. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत द्यायची असते. ती थकवणाऱ्या कारखान्यांची वर्गवारी करून साखर आयुक्तालयाने २०२१ साली ती शेतकऱ्यांसमोर ठेवली. ऊस घालण्याआधी शेतकऱ्याला कळावे की हा कारखाना पैसे वेळेवर देतो की नाही. इथे माहिती देणारे सरकार आहे, उघडा पडणारा कारखाना आहे आणि फायदा होणारा शेतकरी आहे. माहितीचा प्रवाह असा वरच्यांवर प्रकाश टाकणारा असावा.

आपण काय करायचे?

भाषण ऐकून घरी जाताना काही हाती असावे, म्हणून चार गोष्टी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट आपल्या घरातली. ज्यांची गावी जमीन आहे, त्यांनी या महिन्यात सातबारा काढून पाहावा. वडील, आजोबा, चुलते यांपैकी कोणी गेले असतील आणि वारस नोंद राहिली असेल, तर ती करून घ्यावी. घरातील बायकांची नावे लागली आहेत का, हे आवर्जून पाहावे. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केला आहे. तो सातबाऱ्याच्या आधारावर मिळतो. सातबारा चुकला तर पुढचे सगळे चुकते. आणि आपल्या खात्यात न मिळायला हवा असा हप्ता आला असेल, तर तो परत करावा. परत करण्याची सोय आहे.

दुसरी गोष्ट गावातली. आपल्या मूळ गावी दिवाळीला, जत्रेला आपण जातोच. या वेळी तिथल्या दोन सुशिक्षित तरुणांना बरोबर घेऊन पीएम-किसानची गावनिहाय यादी पाहा. ग्रामसभेत ती वाचली जावी, असा आग्रह धरा. वाचताना 'कोण चुकून आला' याआधी 'कोण राहिला' हा प्रश्न विचारा. विधवा बहीण, अपंग शेतकरी, वाडीवरचा एकटा म्हातारा, डोंगरातले वनवासी कुटुंब. यांच्यासाठी अर्ज लिहून देणारा माणूस हा त्या गावचा खरा सेवक.

तिसरी गोष्ट शहरातली. पुणे महापालिकेत पूर्वी एक पायंडा पडला की ठराविक दिवशी नागरिकांना कागदपत्रे उघडून दाखवायची. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची मुभा दिली. निवृत्त झालेल्या आपल्या बांधवांना वेळ असतो, हिशेबाची सवय असते. त्यातील काहींनी महिन्यातला एक सोमवार तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात घालवला, तर खूप काम होईल. मात्र तिथे जाताना तोरा नको. तिथला कर्मचारीही आपल्यातलाच एक आहे, त्याच्यावरही कामाचा डोंगर आहे. प्रामाणिक कर्मचाऱ्याला यादीचे भय नसते. उलट वरून दबाव आला, तर 'साहेब, यादी गावात वाचली जाते' असे सांगून त्याला स्वतःचा बचाव करता येतो.

चौथी गोष्ट संयमाची. यादीत एखादे नाव चुकीचे दिसले की लगेच त्या माणसाच्या दारात जाऊन तमाशा करू नका. त्याचे छायाचित्र काढून फिरवू नका. आधी त्याला भेटा, विचारा. माझ्या भावाला गावकऱ्यांनी चोर म्हटले असते, तर पैसे परत आले असते, पण आमचे गाव आमच्यापासून कायमचे तुटले असते. त्या मुलाने आधी मला फोन केला, म्हणून आमचे घर सुधारले आणि गावाशी नातेही टिकले.

बंधु-भगिनींनो, सरकारच्या तिजोरीतील पैसा हा कर भरणाऱ्याचा आहे, आणि तो कर मीठमिरची विकत घेणारा मजूरही भरतो. तो कुठे गेला, हे विचारणे हा देशभक्तीचाच एक साधा, रोजचा प्रकार आहे. टिळकांच्या काळी नियमांचा कागद लोकांपर्यंत पोहोचवल्याबद्दल सभेला शिक्षा भोगावी लागली. आज तोच कागद आपल्या हक्काचा आहे. आपण तो वाचत नाही, एवढाच काय तो दोष.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर या वर्षीची यादी लागली होती. पावसाने कागदाचा एक कोपरा फाटला होता, पण काकूंचे नाव स्वच्छ वाचता येत होते. त्यांना अक्षरओळख बेताचीच आहे. त्यांनी त्या नावावर बोट ठेवले आणि मला विचारले, "हे माझेच ना रे?" मी म्हणालो, "हो काकू, तुमचेच." मग त्यांनी बोट खाली सरकवले आणि म्हणाल्या, "मग आता हिच्या खालची शेवंता कुठे आहे, ते बघ. तिचे नाव दिसत नाही."

आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या यादीत ते पुढचे नाव शोधावे, एवढी विनंती करून मी थांबतो.